गार असताना धावते, गरम झाली की बंद: १९५९ च्या मॉरिस मायनरचं इग्निशन कसं तपासावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आजोबांची १९५९ ची मॉरिस मायनर १०००, ९४८ सीसी इंजिनाची. दोन वर्षं खपून तुम्ही ती उभी केलीत. पत्र्याचं काम, रंग, सीटा, इंजिन आणि संपूर्ण वायरिंग नवीन. सकाळी नाशिकमध्ये अर्ध्या सेल्फला चालू होते, त्र्यंबकच्या रस्त्याला छान धावते आणि वीस-पंचवीस मिनिटांनी, अंजनेरीच्या आसपास, मिसिंग, म्हणजे इंजिनाचं मधूनमधून चुकणं, सुरू होतं. पाच मिनिटांत गाडी बंद. बॉनेट उघडून अर्धा तास थांबलं की पुन्हा चालू. कॉइल (बॅटरीच्या १२ व्होल्टांपासून ठिणगीचे व्होल्ट बनवणारी), पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे), प्लग, रोटर (ठिणगी एकेका प्लगकडे वाटणारा फिरता तुकडा), कॅप (त्यावरचं झाकण), वायरी सगळं नवं घातलंत. पॉइंटला जोडलेला कंडेन्सर तर तीनदा बदललात. दर वेळी दोन-चार दिवस बरी चालते आणि मग तेच. आता मेकॅनिक म्हणतात की पॉइंट काढून टाका, इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवा.

आत्ता बसवू नका. बिघाड सापडण्याआधी नवी यंत्रणा घातली, तर तोच बिघाड तिच्याही वाट्याला येईल आणि तपासायला हाताशी असलेल्या खुणा मात्र नाहीशा होतील.

तुम्ही लिहिलेल्यातली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे "दर वेळी दोन-चार दिवस बरी चालते". तीन कंडेन्सर ओळीने खराब निघणं अशक्य नाही, आजकाल मिळणाऱ्या मालात तेही घडतं. पण कंडेन्सर बदलताना आणखी काय काय होतं ते आठवा. कॅप निघते. स्क्रू सैल होऊन पुन्हा घट्ट होतात. पॉइंटची प्लेट हलते. आतली बारीक वायर इकडची तिकडे होते. पॉइंट पुसले जातात, गॅप पुन्हा लावली जाते. म्हणजे गाडी ज्यामुळे दोन दिवस सुधारली ते कंडेन्सरच असेल असं नाही, त्याच्याबरोबर हात लागलेल्या पाच-सहा गोष्टींपैकी कुठलीही असू शकेल. म्हणून माझी पहिली विनंती अशी की यापुढे एकही पार्ट बदलायचा नाही. मोजायचं, लिहून ठेवायचं, आणि एका वेळी एकाच गोष्टीला हात लावायचा.

पुण्यात ऑटो इलेक्ट्रिकचं काम करताना माझ्या हाताखालून अशा बऱ्याच गाड्या गेल्या. रोज वापरात असलेली जुनी गाडी आणि रिस्टोअर केलेली जुनी गाडी यांच्या दुखण्यात मोठा फरक असतो. वापरातल्या गाडीत जुनं झालेलं बिघडतं. रिस्टोअर केलेल्या गाडीत बहुतेक वेळा नवं घातलेलं किंवा नव्याने रंगवलेलं नडतं. मालकाचा मात्र सगळा संशय जुन्यावर असतो, कारण नव्यावर त्याने पैसे घातलेले असतात.

आधी हे दुखणं खरंच इग्निशनचं, म्हणजे ठिणगी देणाऱ्या यंत्रणेचं, आहे का, ते ठरवू. गाडी कशी मरते याकडे लक्ष द्या. करंट गेला की इंजिन झटके देतं, एकदम तुटतं, पुन्हा पकडतं, पुन्हा तुटतं. पेट्रोल कमी पडलं की ती धापा टाकत दम सोडते आणि चोक थोडा ओढला की क्षणभर सावरते. मायनरमध्ये दुसरीही एक सोय आहे. एसयू कंपनीचा पेट्रोल पंप विजेवर चालतो आणि टिकटिकतो. गाडी बंद पडल्यावर किल्ली चालू ठेवून कान द्या. पाच-सहा टिकटिक होऊन पंप शांत झाला तर कार्ब्युरेटरचं फ्लोट चेंबर पेट्रोलने भरलेलं आहे असं समजा. मशीनगनसारखी भराभर टिकटिक होत राहिली तर पेट्रोलच्या नळीत वाफ धरली आहे किंवा कुठून तरी हवा ओढली जातेय. या इंजिनात कार्ब्युरेटर सायलेन्सरच्या मॅनिफोल्डच्या वरच बसतो, आणि आता पेट्रोलमध्ये इथेनॉलही असतं, त्यामुळे उन्हाळ्यात वाफ धरणं नवल नाही. पंप मुळीच हलला नाही तर ती गोष्ट वेगळी. ती विजेची असली तरी कॉइलची नाही.

पंप ठीक वाजला की लगेच, इंजिन गरम असतानाच, ठिणगी पाहा. लोकांची चूक इथे होते. गाडी ढकलून सावलीत नेतात, चहा घेतात, मग बॉनेट उघडतात. तोवर बिघाड निघून गेलेला असतो. तपासणी करायची ती पहिल्या पाच मिनिटांत. त्यासाठी डिकीत एक साधा मल्टिमीटर, एक टेस्ट लॅम्प, एक जादा प्लग, दोन्ही टोकांना क्लिप असलेली हातभर वायर आणि रबरी मुठीची पक्कड ठेवा. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, आजूबाजूला पेट्रोल सांडलेलं नाही याची खात्री. कुणाच्या छातीत पेसमेकर असेल तर त्यांना दूर उभं करा.

कॅपच्या मध्यातून कॉइलची जाड वायर काढा, तिचं टोक पकडीने इंजिनाच्या ब्लॉकच्या उघड्या लोखंडापासून पाच-सहा मिलिमीटरवर धरा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. निळी, टच् असा आवाज करणारी ठिणगी आली तर कॉइल, कंडेन्सर, पॉइंट आणि त्यांना येणारा करंट यांना तूर्त सोडून द्या, दोष पुढे रोटर, कॅप किंवा प्लगच्या वायरीत आहे. ठिणगी पिवळी, बारीक, नि:शब्द असेल किंवा नसेलच, तर दोष अलीकडे. या एका चाचणीने अर्धं काम उरतं.

आता अलीकडची बाजू. करंटचा रस्ता डोळ्यांपुढे आणा. बॅटरी, किल्लीचा स्विच, तिथून पांढरी वायर कॉइलच्या एका टोकाला, कॉइलच्या दुसऱ्या टोकातून पांढरी-काळी वायर डिस्ट्रिब्युटरला (आमच्याकडे बरेच जण त्याला डेलको म्हणतात), आत पॉइंट, पॉइंटमधून प्लेट, प्लेटमधून डिस्ट्रिब्युटरचं अंग, त्यातून ब्लॉक, ब्लॉकपासून अर्थची, म्हणजे बॉडीला जोडणारी, पट्टी, आणि बॉडीतून परत बॅटरी. रंग मी मूळच्या ल्यूकस कंपनीच्या वायरिंगचे सांगितले. तुमच्याकडे नव्याने वायरिंग करताना सगळं एकाच लाल वायरीत ओढलं असेल तर आधी दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून नावं लिहा.

कॉइलमध्ये साधारण ३ ओहम रोध असतो, म्हणजे पॉइंट मिटलेले असताना १२ व्होल्टला ४ अँपिअर वाहतात. समजा या रस्त्यात कुठेतरी, एखाद्या रंगवलेल्या सांध्यात किंवा सैल टोकात, फक्त १ ओहम वाढला. करंट ४ वरून ३ वर आला. कॉइलमध्ये साठणारी शक्ती करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे ती १६ वरून ९ वर, जवळजवळ निम्म्यावर आली. त्यात इंजिन गरम झालं. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो, कॉइल ६० अंशांनी तापली तर ३ ओहमचे ३.७ होतात. करंट आणखी घटतो. गार असताना कशीबशी पुरणारी ठिणगी गरम झाल्यावर पुरत नाही. तुमच्या गाडीचं वागणं हेच आहे. त्यामुळे एखादा भाग साफ मेलेला असण्यापेक्षा दोन-तीन ठिकाणी थोडं थोडं गळतंय, हे मला जास्त संभवनीय वाटतं.

हे गळणं शोधायला ओहममीटर फारसा कामाचा नाही. करंट वाहत असताना व्होल्ट मोजा. आधी लक्षात घ्या की मायनरमध्ये मूळची बॅटरी प्लस अर्थची असते, म्हणजे बॅटरीचा प्लस बॉडीला. तुमची तशीच ठेवली आहे की रिस्टोअर करताना फिरवली, ते बघा. डिजिटल मीटरला काही फरक पडत नाही, आकड्याआधी वजाचं चिन्ह दिसेल इतकंच.

हँडल घालून इंजिन हळूहळू फिरवा आणि पॉइंट मिटलेले असतील अशा जागी थांबवा. किल्ली चालू करा. बॅटरीच्या दोन टोकांवर किती व्होल्ट आहेत ते लिहा. मग बॉडीचं टोक तसंच ठेवून मीटरचं दुसरं टोक कॉइलच्या त्या टोकाला लावा जिथे स्विचकडून वायर येते. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक असेल तर स्विच, त्याची टोकं किंवा ती पांढरी वायर खात आहे. मग कॉइलच्या दुसऱ्या, डिस्ट्रिब्युटरकडच्या टोकाला लावा. पॉइंट मिटलेले असताना इथे जवळजवळ शून्य यायला हवं. ०.२, फार तर ०.३ व्होल्ट. इथे १ व्होल्ट दिसला तर पॉइंटपासून बॉडीपर्यंतच्या रस्त्यात अडथळा आहे. तो कुठे, ते त्याच पद्धतीने पुढे सरकत बघा: मीटरचं टोक डिस्ट्रिब्युटरच्या टर्मिनलवर, मग पॉइंटच्या स्थिर पट्टीवर, मग प्लेटवर, मग डिस्ट्रिब्युटरच्या अंगावर, मग ब्लॉकवर. ज्या दोन जागांच्या मध्ये आकडा पडला, त्या मध्ये दोष. शेवटी पॉइंट काडीने उघडा, कॉइलच्या त्याच टोकाला बॅटरीइतके पूर्ण व्होल्ट यायला हवेत. नाही आले तर आत काहीतरी अर्थला लागतंय. मोजून झालं की किल्ली लगेच बंद करा. इंजिन बंद, पॉइंट मिटलेले आणि किल्ली चालू, ही अवस्था कॉइलला फार लवकर भाजते. रिस्टोअरचं काम चालू असताना कुणी लाइट तपासायला किल्ली तासभर चालू ठेवली होती का, तेही आठवून बघा.

हे सगळे आकडे घरी, गार गाडीवर एकदा घ्या. आणि अंजनेरीला बंद पडेल तेव्हा पुन्हा घ्या. दोन रकाने समोर आले की बरंचसं उत्तर तुमच्या हातात येईल.

आता मला संशय कुठे कुठे आहे ते सांगतो.

पहिला संशय नव्या कॉइलवर. बाजारात १२ व्होल्टची म्हणून दोन जातींच्या कॉइली मिळतात. एक ३ ओहमची, जी थेट १२ व्होल्टवर चालते. दुसरी साधारण १.५ ओहमची, जिच्या आधी बॅलास्ट रेझिस्टर, म्हणजे करंट आवरणारा जादा रोध, असायलाच हवा. डबा सारखाच, आकार सारखाच. १.५ ओहमची कॉइल मायनरला बॅलास्टशिवाय लावली तर ४ च्या जागी ८ अँपिअर वाहतात. गार असताना ठिणगी अशी जोरदार येते की मालक खूश होतो. मग कॉइल हात लावता येणार नाही इतकी तापते, पॉइंट निळे-काळे पडतात आणि वीसेक मिनिटांत मिसिंग सुरू. दोन्ही बारीक वायरी सोडवून, कॉइल गार असताना, त्या दोन टोकांमधला रोध मोजा. आधी मीटरची दोन टोकं एकमेकांना टेकवून येणारा आकडा त्यातून वजा करा, कारण एवढ्या लहान मापात मीटरच्या वायरींचाच रोध फसवतो.

कॉइलबद्दल आणखी एक. तिची बारीक टोकं उलट लागली तरी गाडी चालते, म्हणून ही चूक वर्षानुवर्षं लपून राहते. पण उलट जोडलेल्या कॉइलची ठिणगी प्लगच्या मधल्या तापलेल्या टोकातून निघण्याऐवजी बाजूच्या थंड टोकातून निघते आणि तिला बरेच जास्त व्होल्ट लागतात. जुन्या ल्यूकस कॉइलवर एसडब्ल्यू (स्विच) आणि सीबी (कॉन्टॅक्ट ब्रेकर, म्हणजे पॉइंट) अशी अक्षरं असत आणि ती प्लस अर्थच्या हिशोबाने असत. नवीन कॉइलवर प्लस आणि मायनस असतं. नियम सोपा आहे: बॅटरीचं जे टोक बॉडीला, कॉइलचं तेच चिन्ह डिस्ट्रिब्युटरला. तुमच्या गाडीत प्लस बॉडीला असेल तर कॉइलचा प्लस डिस्ट्रिब्युटरकडे. आजचा वायरमन सवयीने प्लस किल्लीकडे जोडतो, आणि त्याला दोष देता येत नाही, त्याने आयुष्यभर मायनस अर्थच्याच गाड्या पाहिल्या आहेत.

दुसरा संशय, आणि तुमच्या तीन कंडेन्सरांच्या हकिगतीमुळे हा मला पहिल्याइतकाच जवळचा वाटतो, डिस्ट्रिब्युटरच्या आतला. पॉइंटची प्लेट स्थिर नसते. व्हॅक्यूमची नळी तिला अ‍ॅक्सिलरेटरप्रमाणे थोडी थोडी फिरवते. म्हणून आत दोन वायरी मुद्दाम अतिशय लवचिक दिलेल्या असतात. एक टर्मिनलपासून पॉइंटपर्यंत करंट आणणारी, दुसरी प्लेटला अर्थ देणारी, विणलेली बारीक. पहिली वायर आवरणाच्या आत तुटते. वरून अखंड दिसते, आत दोन-चार तारा टेकलेल्या. गार असताना टेकतात, गरम झाल्यावर आवरण ढिलं पडतं, प्लेट फिरली की सुटतात. दुसरी वायर बरेचदा नसतेच. डिस्ट्रिब्युटर साफ करताना कुणी काढलेली असते आणि परत लावायची राहते. मग प्लेटचा अर्थ तिच्या तेलकट टेकूवर अवलंबून राहतो. कंडेन्सर बदलताना तुम्ही प्लेट हलवता, टेकू घासला जातो, दोन-चार दिवस अर्थ मिळतो. हकिगत जुळते की नाही बघा.

हा दोष पकडायची युक्ती साधी आहे. क्लिपवाली वायर घ्या, एक टोक पॉइंटच्या प्लेटवरच्या स्क्रूला, दुसरं थेट बॅटरीच्या अर्थच्या टोकाला. कॅप बसवून वायर बाजूने बाहेर काढता येते, फक्त रोटरला लागणार नाही असं बघा. गाडी तापून बंद पडली असताना हे केलं आणि चालू झाली, तर दोष अर्थचा. आतली लवचिक वायर तुटली असली तर बदलताना घरातली जाड वायर लावू नका, ती पंधरा दिवसांत मोडते. मल्टिमीटरच्या वायरीसारखी, पुष्कळ बारीक तारांची आणि मऊ आवरणाची लागते.

याच जागी पॉइंट बसवतानाची एक चूक फार होते. कॉइलची वायर आणि कंडेन्सरची वायर या दोन्हींची टोकं पॉइंटच्या स्प्रिंगला टेकली पाहिजेत, आणि ती ज्या खुंटीवर बसतात तिच्यापासून व प्लेटपासून प्लास्टिकच्या टोपीने वेगळी राहिली पाहिजेत. वॉशरचा क्रम चुकला की सगळं कायमचं अर्थला. तुमची गाडी चालते म्हणजे क्रम बरोबर असावा, पण ते टोक किंचित फिरून प्लेटला किंवा डिस्ट्रिब्युटरच्या भिंतीला अधूनमधून टेकतंय का, ते भिंगातून पाहा. गॅप ०.०१४ ते ०.०१६ इंच, म्हणजे जवळपास ०.३८ मिमी, पॉइंट पूर्ण उघडलेले असताना. नव्या पॉइंटवर गंज लागू नये म्हणून तेलकट थर असतो, तो स्पिरिटने पुसल्याशिवाय लावू नये. कॅमला ग्रीसचा अगदी तांदळाएवढा ठिपका लावा. न लावल्यास पॉइंटची टाच झिजते, गॅप मिटत जाते, टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, मागे पडतं आणि मागे पडलेल्या टायमिंगने इंजिन आणखी तापतं. पॉलिश पेपरने पॉइंट घासायची सवय सोडा, त्याचे कण धातूत रुततात. बारीक कानस वापरा.

कंडेन्सरला मी सोडून दिलेलं नाही. पॉइंट उघडताच करंट एकदम तुटावा यासाठी तो असतो. तो नसला तर पॉइंटमध्येच ठिणगी ओढली जाते आणि प्लगला काही उरत नाही. मूळचा ०.२ मायक्रोफॅरडच्या आसपासचा. गार असताना चांगला मोजला जाणारा कंडेन्सर गरम झाल्यावर आतून सुटू शकतो, म्हणून टेबलावर मोजून पास झाला यावर विसंबू नका. खात्रीचा एक कंडेन्सर, शक्यतो एखाद्या चालू गाडीतून काढलेला, डब्यात ठेवा. गाडी बंद पडली की जुन्याची वायर पॉइंटवरून सोडवा, हा बाहेरचा कंडेन्सर कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टोकाला आणि त्याचं अंग ब्लॉकला असा क्लिपने लावा. चालू झाली तर ठरलं. यात तुम्ही कॅप काढून प्लेट हलवत नाही आहात ना, याची काळजी घ्या, नाहीतर पुन्हा तोच घोळ होईल. जुन्याची वायर अशी सोडवता यावी म्हणून घरून निघतानाच ती जोडलेली ठेवून तिचा जोड डिस्ट्रिब्युटरच्या बाहेर आणून ठेवला तर उत्तम.

तिसरा संशय रोटरवर. मूळच्या रोटरमध्ये पितळी पट्टी प्लास्टिकमध्येच बसवलेली असे. नव्या मालात ती बरेचदा रिव्हेटने ठोकलेली असते आणि रिव्हेटचं टोक आतल्या दांड्याच्या फार जवळ जातं. गरम झाल्यावर ठिणगी प्लास्टिक भेदून दांड्यात, म्हणजे अर्थला, निघून जाते. डोळ्यांना काही दिसत नाही. चाचणी अशी: कॅप काढा, रोटर जागेवर ठेवा, कॉइलची जाड वायर पकडीने रोटरच्या पितळी पट्टीच्या मध्यापासून दोन-तीन मिलिमीटरवर धरा आणि सेल्फ मारा. चांगल्या रोटरवर ठिणगी पडत नाही किंवा अगदी क्षीण पडते, कारण तिला पुढे जायला वाट नाही. सारखी ठसठशीत ठिणगी पडू लागली तर रोटर फुटलेला आहे. काही वर्षांपूर्वी साताऱ्याहून एक गाडी ओढून आणलेली होती. तिच्यावर मी दोन दिवस कार्ब्युरेटर उघडण्यात घालवले, कारण रोटर कोरा करकरीत होता आणि तो मी तपासलाच नाही. शेवटी ही चाचणी केली तेव्हा दोन मिनिटांत उत्तर मिळालं. मालकाच्या घरी जुन्या भंगाराच्या डब्यात मूळचा रोटर पडून होता. तो पुसून बसवला आणि गाडी स्वतःच्या पायांनी साताऱ्याला गेली. तुमचे काढलेले जुने पार्ट टाकले नसतील तर ते घेऊन या. जुना रोटर, जुनी कॅप, जुनी कॉइल, तिन्ही माझ्या दृष्टीने नव्यापेक्षा भरवशाची आहेत.

प्लगच्या वायरीही बघाच. या काळच्या ल्यूकस कॅपमध्ये वायरी बाजूने शिरतात आणि आतून टोकदार स्क्रू वायरीच्या गाभ्यात घुसतो. तो तांब्याच्या गाभ्यासाठी आहे. आजच्या बहुतेक वायरींत तांबं नसतं, कार्बनचा धागा असतो. स्क्रू त्यात घुसला की धागा तुटतो किंवा बाजूला सरकतो आणि जोड राहतच नाही. ठिणगी ती फट उडी मारून ओलांडते, कॅपच्या आत जळते, काळं करते. कॅपमधून एक वायर काढून तिचं टोक कापून पाहा, लाल-पिवळ्या तारा दिसतात की काळा धागा. काळा असेल तर तांब्याच्या गाभ्याची वायर आणून बदला. जुन्या सामानाच्या दुकानात मीटरवर मिळते. कॅपच्या आत मधली कार्बनची कांडी स्प्रिंगवर खालीवर होते ना, तेही बोटाने दाबून बघा.

आणि रंग. तुम्ही लिहिलंत की इंजिनाला मूळचा हिरवा रंग दिला आणि बॉडीही नव्याने रंगवली. दिसायला सुंदर झाली असणार, त्यात शंका नाही. पण इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, बॉडीशी त्याचा विजेचा संबंध एका विणलेल्या पट्टीनेच येतो. त्या पट्टीची दोन्ही टोकं रंगावर बसवली असतील तर अर्थ फक्त बोल्टच्या आट्यांतून मिळतो. याची एक खूण आहे. दोन-तीनदा लांब सेल्फ मारा आणि चोकच्या केबलला हात लावा. ती कोमट लागली तर सेल्फचा करंट अर्थच्या पट्टीऐवजी केबलमधून परत जातो आहे. पट्टीच्या दोन्ही टोकांखालचा, बॅटरीच्या अर्थच्या बोल्टखालचा आणि डिस्ट्रिब्युटर ब्लॉकमध्ये जिथे बसतो तिथल्या पट्ट्याखालचा रंग रुपयाच्या नाण्याएवढा खरवडून चकचकीत लोखंड उघडं करा, बसवा, घट्ट करा आणि मग वरून व्हॅसलीन लावा. रंग खरवडायला जिवावर येतं, मला माहीत आहे. जे दिसणार नाही तेवढंच खरवडायचं आहे.

टायमिंग आणि फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, यांकडे मी शेवटी येतो, कारण गार असताना गाडी नीट धावते म्हणजे क्रम १-३-४-२ आणि रोटरची घड्याळाच्या उलटी दिशा तुमच्या मेकॅनिकने बरोबर पकडली आहे. तरी टायमिंग एकदा दिव्याने बघून घ्या. पुलीवरची खाच आणि टायमिंग कव्हरवरचे काटे खालच्या अंगाला आहेत. सर्वांत लांब काटा म्हणजे पिस्टन वर असल्याची खूण, पुढचे दोन ५ आणि १० अंशांचे. खाचेत खडूने पांढरं भरलं की दिसते. अंश किती ठेवायचे ते तुमच्या इंजिनाच्या कॉम्प्रेशनप्रमाणे मॅन्युअलमध्ये आहे. मात्र आजचं पेट्रोल त्या काळच्यापेक्षा वेगळं आहे, म्हणून शेवटचा निर्णय चढावर कानाने करायचा. तिसऱ्या गिअरमध्ये ओढताना किंचित खडखड आली की अर्धा अंश मागे. व्हॅक्यूमच्या नळीला तोंडाने ओढून पाहा, प्लेट हलली आणि ओढ धरून राहिली पाहिजे. पडदा फाटला असेल तर ओढ सुटते.

इलेक्ट्रॉनिक इग्निशनला माझा विरोध नाही. डिस्ट्रिब्युटरचा दांडा इतका झिजला असेल की गॅप चारही सिलिंडरना सारखी राहत नाही, तर तो चांगला उपाय आहे. पण तुमच्या गाडीला जो अर्थ आहे, प्लस की मायनस, त्याच्यासाठीच ते यंत्र बनवलेलं आहे का ते आधी विचारा. गाडी अजून प्लस अर्थचीच असेल तर मायनस अर्थचं यंत्र किल्ली फिरवताक्षणी जळू शकतं. आणि त्यालाही पूर्ण व्होल्ट आणि स्वच्छ अर्थ लागतोच. आणि ते बसवलंत तरी काढलेली पॉइंटची प्लेट जशीच्या तशी डब्यात घालून डिकीत ठेवायची.

या रविवारी एवढं करा: कॉइलच्या दोन बारीक टोकांमधला रोध गार असताना, मिटलेल्या पॉइंटवर कॉइलच्या दोन्ही टोकांचे व्होल्ट, बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला आहे ते, आणि प्लगच्या वायरीचा गाभा तांब्याचा की कार्बनचा. मग त्र्यंबकच्या रस्त्याला निघा, बंद पडली की तेच व्होल्ट पुन्हा आणि रोटरची चाचणी. आकडे मला कळवा. कॉइल १.५ ओहमच्या आसपास निघाली तर मात्र पुढचं काही करत बसू नका, गाडी घराबाहेर काढण्याआधी तीच बदला.